कन्सल्टंटने लिहिलेली गोष्ट आणि न्यूअर्कची तारीख

पत्र :

ताई, नमस्कार. मी मराठवाड्यातला. २०२२ साली आमचं रजिस्टर लग्न झालं. मी बौद्ध, बायको गावातल्या वजनदार घरातली. लग्नानंतर तिच्या भावांनी (चुलत) मला बसस्टँडमागे गाठून मारलं, हात मोडला. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली आणि ‘गावातच मिटवा’ म्हणाले. आम्ही हडपसरला सात महिने लपून राहिलो, तिथेही माणसं शोधत आली. मे २०२४ मध्ये टुरिस्ट व्हिसावर इथे अमेरिकेत आलो. ओळखीच्या एका कन्सल्टंटने फेब्रुवारी २०२५ मध्ये असायलमचा (आश्रयाचा) फॉर्म भरून दिला. मला इंग्रजी फार येत नाही, मी सही केली. मुलाखतीला दुभाषी म्हणून कन्सल्टंटचा हिंदी माणूस होता. साहेबाने विचारलं, कोणत्या पक्षाचं काम करायचास? मी म्हणालो, कुठल्याच नाही. तेव्हा कळलं की फॉर्ममध्ये मला राजकीय कार्यकर्ता केलंय. आता केस कोर्टात गेलीय, पुढच्या महिन्यात न्यूअर्कची तारीख आहे. नोटीस जुन्या खोलीवर आली, रूममेटने फोटो पाठवला. कन्सल्टंट म्हणतो, तीच गोष्ट धरून ठेव, बदललीस तर मेलास. दुकानातले म्हणतात, जाऊच नको, कोर्टाच्या दारातच पकडतात. वकिलाला पैसे नाहीत. बायको रात्र-रात्र जागी असते. गावाकडे आईला काय सांगू तेही कळत नाही. काय करू?
— नाव छापू नका, न्यू जर्सी

उत्तर :

भाऊ,

आधी एक खुलासा. मी वकील नाही. निर्वासितांना मोफत कायदेशीर मदत करणाऱ्यांच्या टेबलाशी मी दुभाषी म्हणून बसते आणि तुमच्यासारख्यांचे फॉर्म वाचून दाखवते. त्यामुळे मी सांगते त्यातलं काय, कधी आणि कोणत्या शब्दांत करायचं, ते वकिलाच्या तोंडून पक्कं करून घ्या. पण वकील मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. तुमच्या पत्रात कोर्टापेक्षा जास्त धोक्याची एक गोष्ट आहे आणि ती तुम्ही सहज एका वाक्यात लिहून गेलात : नोटीस जुन्या खोलीवर आली.

इमिग्रेशन कोर्ट फोन करत नाही, व्हॉट्सॲप करत नाही. त्यांच्याकडे जो पत्ता आहे त्यावर कागद टाकला की त्यांच्या लेखी तुम्हाला कळवलं गेलं. पत्ता बदलल्यावर पाच दिवसांच्या आत ‘ईओआयआर-३३’ नावाचा फॉर्म कोर्टाला द्यायचा असतो आणि त्याची एक प्रत सरकारी वकिलांच्या ऑफिसला. यूएससीआयएसला (इमिग्रेशनचे अर्ज घेणाऱ्या खात्याला) पत्ता वेगळा कळवायचा, त्याचा फॉर्म ‘एआर-११’, मुदत दहा दिवस. एकाला कळवलं की दुसऱ्याला आपोआप कळतं, असं समजू नका. पाच दिवस उलटून गेले असतील तरी आजच भरा. उशिराची फारशी झंझट होत नाही, न भरल्याची होते. बायकोच्या नावाने वेगळी केस असेल तर तिचाही फॉर्म वेगळा. आणि त्या जुन्या रूममेटला एकदा घरी जेवायला बोलवा. कोर्टाकडून आणखी काही त्याच्या पेटीत पडलं तर त्याने लगेच सांगायला हवं.

तारीखही त्या फोटोवर विसंबून धरू नका. नोटिशीच्या वरच्या कोपऱ्यात ‘ए’ने सुरू होणारा नंबर आहे, तो पाठ करा. १-८००-८९८-७१८० हा कोर्टाचा स्वयंचलित फोन आहे. तिथे नंबर दाबला की पुढची तारीख, वेळ आणि न्यायाधीशांचं नाव ऐकू येतं. तारखा नुसत्या पुढे जात नाहीत, अलीकडेही येतात, म्हणजे लवकरच्याही होतात. आठवड्यातून एकदा लावा, आणि सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा.

आता जाऊ की नको. दुकानातले उगाच घाबरवत नाहीत. मे २०२५ पासून न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझा या कोर्टाच्या इमारतीसह बऱ्याच ठिकाणी सुनावणी संपवून बाहेर आलेल्या माणसांना आईसच्या (इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या खात्याच्या) लोकांनी कॉरिडॉरमध्ये धरलंय. त्याची पद्धत समजून घ्या. सरकारी वकील उभा राहतो आणि म्हणतो, आम्ही ही केस मागे घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सुटलो! तो ‘येस’ म्हणतो. केस संपते आणि दाराबाहेर त्याला झटपट हद्दपारीच्या रांगेत घातलं जातं, जिथे न्यायाधीशच नसतो. म्हणून सरकारकडून असं काही आलं तर एकच उत्तर : मला परत जायची भीती आहे, माझा असायलमचा अर्ज तुमच्यासमोर आहे, तो ऐकावा, या मागणीला लेखी उत्तर द्यायला मला वेळ हवा. हे मराठीत पाठ करा, दुभाषी इंग्रजीत सांगेल. तुम्ही विमानतळावर तपासणी होऊन, व्हिसाच्या शिक्क्यावर आत आलात, त्यामुळे तो झटपट मार्ग तुमच्यावर लागू होऊ नये. आय-९४ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची, छापील प्रत खिशात ठेवा. तरीही मुदत संपलेला माणूस म्हणून ते धरू शकतात, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. एका विश्वासू माणसाकडे सगळ्या कागदांची प्रत आणि दोघांचे ए-नंबर ठेवा आणि त्याचा फोन नंबर तोंडपाठ करा, कारण तिथे मोबाइल हातात राहत नाही.

आणि नाही गेलात तर? तुमच्या गैरहजेरीत त्याच दिवशी हद्दपारीचा हुकूम निघू शकतो. तो उठवायला १८० दिवसांत, तेही गंभीर आजारासारखं भारी कारण दाखवून अर्ज करावा लागतो. नोटीसच मिळाली नव्हती असं सिद्ध झालं तर मुदत नाही, पण तुम्हाला ती मिळालीय, फोटोत का होईना. शिवाय पुढची दहा वर्षं इतर बरेच मार्ग बंद होतात. गेल्यावर पकडण्याची शक्यता आहे. न गेल्यावर हुकूम जवळपास ठरलेला आहे, आणि तो हुकूम खिशात असलेला माणूस तर कुठेही, सिग्नलवरही, सरळ विमानात बसवता येतो. मी तुमच्या जागी असते तर गेले असते. सुनावणी वेबेक्सवर (व्हिडिओवर) घ्यावी असा अर्ज आधी करता येतो, पण मंजूर होईल असं गृहीत धरू नका. मंजुरीचा कागद हातात नसेल तर प्रत्यक्ष हजर.

आता कन्सल्टंट. असल्या माणसांबद्दल मला सभ्य भाषेत लिहायला त्रास होतो. पंजाब्याला एक गोष्ट, गुजरात्याला दुसरी, मराठी माणसाला तिसरी, अशा तयार गोष्टी ते विकतात. मग आपल्याच मंडळातले लोक म्हणायला मोकळे की असायलमवाले सगळे खोटारडे. तुमची खरी हकीगत उभी राहण्यासारखी होती. ती काढून त्याने खोटी घातली, पैसे घेतले आणि आता तीच धरून ठेव म्हणतोय, कारण ती सुटली तर त्याचं नाव बाहेर येतं. त्याच्या सल्ल्यात तुमचं हित कुठेच नाही.

तुमचा फॉर्म, आय-५८९, बाहेर काढा. कन्सल्टंट प्रत देत नसेल तर कोर्टाकडे तुमच्या फाइलची नक्कल मागता येते, ती फुकट मिळते. भाग ब मधला तिसरा प्रश्न बघा : कुठल्या पक्षाशी, संघटनेशी संबंध होता का. तिथे त्याने काय ठोकलंय ते शब्दश: कोणाकडून तरी मराठीत समजून घ्या. मग शेवटाकडे या. भाग ड मध्ये तुमची सही आहे. त्याखालच्या भाग इ मध्ये फॉर्म भरून देणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि सही करायची असते. माझ्यासमोर येणाऱ्या असल्या फॉर्ममध्ये तो चौकोन बहुतेक वेळा कोरा असतो. तुमच्यातही कोरा असेल तर तो कोरेपणा हाही पुरावा आहे. कन्सल्टंटला दिलेल्या पैशांच्या झेलच्या (बँकेतून पैसे पाठवायच्या ॲपच्या) नोंदी, त्याचे व्हॉइस मेसेज, ‘तीच गोष्ट धरून ठेव’ म्हणाला तो निरोप, यातलं काहीही पुसू नका.

मुदतीचा हिशेब आधी करू. अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात असायलमचा अर्ज करावा लागतो. तुम्ही मे २०२४ला आलात, अर्ज फेब्रुवारी २०२५चा. कन्सल्टंटने एवढं एक काम बरोबर केलं. असायलम ऑफिसने केस कोर्टाकडे पाठवली की तो अर्जही सोबत जातो, नवा भरायची गरज नाही. पण त्यात दुरुस्ती करता येते, आणि तुम्हाला ती करायचीच आहे. कोणत्या पानावर काय चूक आहे, ती कशी आली, सही करताना तुम्हाला काय वाचून दाखवलं आणि काय नाही, मुलाखतीत तुम्ही काय सांगितलंत, हे सगळं शपथपत्रात लिहून दुरुस्त फॉर्मसोबत द्यायचं. सरकारी वकिलाने उलटतपासणीत ते पान तुमच्यासमोर धरण्याआधी. पकडल्यावर केलेली दुरुस्ती आणि आपणहून केलेली दुरुस्ती यांत न्यायाधीश मोठा फरक करतात. जाणूनबुजून रचलेला अर्ज ठरला तर अमेरिकेतले इमिग्रेशनचे जवळपास सगळे लाभ कायमचे बंद होतात, म्हणून हा विषय वकिलाशिवाय कोर्टात तोंडाने काढू नका; आधी कागद तयार होऊ द्या. तुमची जमेची बाजू एवढी की मुलाखतीत विचारलं तेव्हा तुम्ही खरं बोललात. अधिकाऱ्याच्या नोंदीत ते असणार.

वकील. इथे फौजदारी खटल्यासारखा सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. वकील करायचा हक्क आहे, खर्च तुमचा. नोटिशीबरोबर मोफत किंवा स्वस्तात काम करणाऱ्यांची यादी यायला हवी होती. नसेल तर कोर्टाच्या खिडकीवर मागा. न्यूअर्कमध्येच रटगर्स आणि सीटन हॉल या दोन्ही विद्यापीठांच्या लॉ स्कूलमध्ये असं काम चालतं, विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केस लढवतात. आणि ते विद्यार्थी एकेका केसवर जो वेळ घालतात, तो भरपूर केसेस घेणाऱ्या वकिलाला जमत नाही. अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीचंही न्यूअर्कला ऑफिस आहे. जागा मोजक्या असतात, म्हणून एका ठिकाणी नाव घालून उत्तराची वाट बघत बसू नका. सगळीकडे फोन करा आणि कोणाला कधी केला ते वहीत तारखेनिशी लिहा. ती वही पहिल्या तारखेला न्यायाधीशांना दाखवता येते : मी प्रयत्न करतोय, मला वेळ द्या. पैसे देऊन करायचा असेल तर कोणत्या राज्याच्या बारमध्ये (वकिलांच्या नोंदणीत) नाव आहे ते विचारा आणि त्या बारच्या वेबसाइटवर बघा. वकील नसूनही इमिग्रेशन कोर्टात उभं राहायची न्याय खात्याची मान्यता काही संस्थांच्या लोकांना असते, तेही चालतात. ‘केस शंभर टक्के जिंकून देतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या.

पहिली तारीख म्हणजे ‘मास्टर’. तिथे तुमची कहाणी कोणी ऐकत नाही. एका खोलीत वीस-पंचवीस जण बाकांवर, एकेकाचा नंबर पुकारतात, पाच-दहा मिनिटांत आटपतं. न्यायाधीश नाव, पत्ता आणि भाषा विचारतात. भाषा मराठी सांगा. भारतीय म्हटलं की हिंदी दुभाषी लावायची सवय आहे, आणि मुलाखतीत कन्सल्टंटचा हिंदी माणूस बसवून जे झालं ते पुन्हा नको. कोर्टात दुभाषी सरकार देतं, फुकट. मराठीचा कधी फोनवर असतो, कधी त्यासाठी तारीख पुढे जाते, जाऊ द्या. मग ते विचारतील, वकिलासाठी वेळ हवा का? हवा म्हणा. नोटिशीत लिहिलेली विधानं (तुम्ही भारतीय नागरिक, अमुक तारखेला आलात, मुदतीपेक्षा जास्त राहिलात) मान्य आहेत का, याचं उत्तर वकिलाशी बोलल्यावर देईन म्हणा. हद्दपार करायचं झालं तर कोणता देश, असंही विचारतात. आपण होऊन देशाचं नाव सांगायची सक्ती नसते.

खरा दिवस नंतरचा, ‘इंडिव्हिज्युअल’, म्हणजे तुमच्या एकट्याच्या केसची पूर्ण सुनावणी. त्याला कधी महिने लागतात, कधी वर्षं. देशभरात तीस लाखांहून जास्त केसेस तुंबल्या आहेत. पण म्हणून निवांत बसू नका. एप्रिल २०२५ पासून न्यायाधीशांना सांगितलंय की अर्जात कायद्याला लागणारं मूळच दिसत नसेल तर पूर्ण सुनावणी न घेताही तो निकालात काढता येतो. कन्सल्टंटने भरलेला तुमचा अर्ज तसा निकालात निघू शकतो, हे दुरुस्तीची घाई करायचं आणखी एक कारण.

त्या दिवशी काय सिद्ध करायचंय ते साध्या भाषेत सांगते. मार खाल्ला एवढं पुरत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटातलं असणं, या पाचांपैकी कशामुळे तरी मारलं हे दाखवावं लागतं. तुमच्या हकिगतीत जात आहे, तुमचा बौद्ध धर्म आहे, आंतरजातीय लग्न आहे. यातलं काय, कोणत्या शब्दांत मांडायचं ते वकिलाचं काम, आणि सामाजिक गटाबद्दलचे निकाल सरकार बदललं की बदलतात : २०१८ला आवळले, २०२१ला सैल केले, २०२५ला पुन्हा आवळले. तुमचं काम वेगळं. मारताना ते काय बोलले? जातीवरून शिवी दिली? ‘आमच्या घरातली पोरगी’ म्हणाले? आठवतं ते जसंच्या तसं, शिवीसकट लिहा. लाजेपोटी मराठी माणूस ‘मग त्यांनी अपशब्द वापरले’ असं लिहितो आणि सगळी केसच त्या अपशब्दात असते.

दुसरं, पोलीस. मारणारे सरकारी नव्हते, म्हणून पोलीस वाचवू शकले नाहीत किंवा वाचवायची त्यांची इच्छा नव्हती हे दाखवावं लागेल. तुमची ती एनसीची पावती इथे सोन्याच्या मोलाची आहे. हात मोडला असताना अदखलपात्र नोंद का झाली, एफआयआर का नाही, हा प्रश्न ती पावतीच विचारते. सरकारी दवाखान्यात गेला होतात का? तिथे एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर पडला असेल, तो डिस्चार्ज कार्डावर असतो. म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवलं होतं. ‘गावातच मिटवा’ म्हणून तंटामुक्ती समितीसमोर बसवलं असेल तर तिथे कोण होतं, तिच्या घरातलं कोणी समितीवर होतं का, तेही लिहा.

सरकारी वकीलही तयारीने येतो. तो म्हणेल, तुमच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ला शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांना संरक्षण द्यायचे आदेश दिलेत. महाराष्ट्राने २०१६ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तुमचं सरकार तर आंतरजातीय लग्नाला ५० हजार रुपये बक्षीस देतं! यावर चिडू नका. कायदा आहे हे मान्य करा आणि तुमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात त्या कायद्याचं काय झालं ते सांगा. तुमच्याच जिल्ह्यातल्या अशा प्रकरणांची मराठी वर्तमानपत्रांतली कात्रणं लावा, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा भारतावरचा मानवी हक्कांचा वार्षिक अहवाल लावा.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि भारतीयांच्या बहुतेक केसेस इथेच पडतात. तो असा येईल :

‘पुण्यात सात महिने राहिलात. त्या काळात तुम्हाला कोणी हात लावला?’

‘नाही.’

‘भारतात १४० कोटी लोक आहेत. बेंगळुरूला का नाही गेलात?’

इथे भाषण करू नका. हडपसरला माणसं कशी पोहोचली ते सांगा : कोणाच्या ओळखीने, किती जण, कोणती गाडी, वॉचमनला काय विचारलं, तुम्ही कुठून बघितलंत. तिच्या घरच्यांचा हात कुठपर्यंत पोहोचतो याचा पुरावा द्या. नातेवाईक पोलिसांत, राजकारणात, वाहतुकीच्या धंद्यात असतील तर नावानिशी. वॉचमनचं किंवा घरमालकाचं शपथपत्र मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कायद्यात एक आधार आहे. पूर्वी झालेला छळ न्यायाधीशांनी मान्य केला, तर तुम्ही भारतात दुसरीकडे सुरक्षित राहू शकता हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर जाते. नाही मान्य केला तर ती तुमच्यावर. म्हणून त्या मोडक्या हाताचा एक्स-रे एवढा महत्त्वाचा.

२००५च्या रिअल आयडी कायद्यापासून न्यायाधीश बारीकसारीक विसंगतीवरूनही माणूस अविश्वसनीय ठरवू शकतात, ती विसंगती मुद्द्याची असो वा नसो. आपल्या लोकांच्या खरेपणालाही इथे तडा जातो. आपण ४/७ लिहितो तो चार जुलै, इथे तो सात एप्रिल. सगळीकडे महिना अक्षरात लिहा. बायकोचं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावासह, आधारवर तुमच्या नावासह, पासपोर्टवर तिसरंच; ‘इतर नावं’ या रकान्यात सगळी लिहा. तुम्ही पत्रात ‘भावांनी’ लिहून कंसात ‘चुलत’ लिहिलंत, कोर्टात कंस नसतो. तिला सख्खा भाऊ नसेल आणि दुभाष्याने ‘ब्रदर’ म्हटलं, तर पुढचा अर्धा तास त्यावर जाईल. प्रत्येक वेळी चुलत म्हणा, आणि कोणत्या काकांचा तेही. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजाने तारीख ठोकू नका. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, त्याखाली भाषांतरकाराने दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे असं लिहून सही करायची. ते तुम्ही स्वतः करू नका.

बायकोबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. ज्या घराची भीती आहे ते घर तिचं. कन्सल्टंटने तिला तुमच्या अर्जात नुसती ‘पत्नी’ म्हणून घातली असणार. असायलम मिळालं तर ते तिलाही मिळेल. पण असायलम नाकारून न्यायाधीशांनी त्याखालचं, ‘विथहोल्डिंग’ नावाचं, नुसती हद्दपारी रोखणारं संरक्षण दिलं, तर ते फक्त तुम्हाला मिळतं, तिला नाही. तिचा स्वतःचा अर्ज असायला हवा होता. तिचं एक वर्ष मे २०२५ला संपलं, तरी उशिराला काही अपवाद आहेत, आणि विथहोल्डिंगला आणि छळविरोधी कराराखालच्या संरक्षणाला वर्षाची मुदतच नाही. वकिलाकडे पहिल्याच भेटीत हे काढा. आणि तिला सोबत न्या, बाहेर बसवू नका, आत. तिला एकटीला बोलायला वेळ मागा. काही गोष्टी बायका नवऱ्यासमोर सांगत नाहीत, आणि नेमक्या त्याच केसला लागतात. तिची झोप उडालीय त्यासाठी डॉक्टरांकडे न्या. आधी तिच्यासाठी, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल कोर्टात उपयोगी पडतो ते नंतर.

पैशांचं थोडक्यात. जुलै २०२५च्या कायद्याने असायलमच्या अर्जाला १०० डॉलर फी लावली, शिवाय अर्ज पडून असेल त्या प्रत्येक वर्षाची वेगळी, आणि पहिल्या वर्क परमिटला ५५० डॉलर. हे आकडे महागाईप्रमाणे दरवर्षी बदलतात, भरण्याआधी सरकारी वेबसाइटवर बघा. असायलमचा अर्ज केल्यापासून १५० दिवसांनी वर्क परमिटची मागणी करता येते, १८० दिवसांनी मिळू शकतो. तुमच्या मागणीवरून तारीख पुढे गेली की तो दिवसांचा हिशेब थांबतो. वकिलासाठी वेळ मागितलात तरी थांबेल. तरीही वेळ मागा.

निकाल विरुद्ध लागला तर न्यायाधीश विचारतील, अपील राखून ठेवता का? ‘हो’ म्हणा. मुदत वर्षानुवर्षं ३० दिवसांची होती, पण नियम हलताहेत, तेव्हा निकालाच्या कागदावर छापलेली तारीखच धरा. आणि त्या तारखेला अपील पोस्टात टाकून भागत नाही, तिकडे पोहोचलेलं असावं लागतं.

राहिली आई. तुमच्या अर्जातली माहिती अमेरिकन सरकारने भारत सरकारला द्यायची नाही, असा नियम आहे. गावच्या ठाण्यात इथून फोन जाईल या भीतीत राहू नका. सुनावणी बंद दाराआड घ्या अशी विनंतीही करता येते. भीती आहे ती गावातल्याच झेरॉक्सच्या दुकानाची. आईला सांगा, आम्ही बरे आहोत, कागदांसाठी एक माणूस येईल, कोणाला काही सांगू नको. कोर्ट, तारीख, हद्दपारी हे शब्द फोनवर नकोत. डिस्चार्ज कार्ड, एनसीची पावती, लग्नाचं प्रमाणपत्र हे तालुक्याबाहेरच्या, आईच्या माहेरच्या कोणाकडून तरी मागवा. आईने तिला जे दिसलं तेवढंच, तिच्या शब्दांत लिहून द्यावं : तुम्हाला कोणत्या अवस्थेत घरी आणलं, त्यानंतर दाराशी कोण-कोण आलं, काय बोलून गेलं. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहून, तिला वाचून दाखवून अंगठा घ्यावा आणि लिहिणाऱ्याने खाली तसं नमूद करावं. सोबत तिच्या आधारची प्रत. पाकीट इथे आलं की तेही फेकू नका, कुरिअरच्या लेबलसकट वकिलाकडे द्या. कागद कुठून आले हे विचारलं जातं, तेव्हा ते लागतं.

— ताई